सिड बॅरेटची 'द मॅडकॅप लाफ्स' पुन्हा एलपीवर : मराठवाड्यातून वारंवार विचारले जाणारे प्रश्न

संभाजीनगर, लातूर, परभणी, नांदेड, बीड, कुठूनही मेसेज आला तरी प्रश्न फिरून फिरून तेच असतात. ते इथे विचारणाऱ्यांच्याच शब्दांत एकत्र केले आहेत. एक गोष्ट आधीच सांगून ठेवतो: यातल्या निम्म्या तक्रारी रेकॉर्डच्या नसून सिडच्या असतात. रेकॉर्ड बदलून मिळते, सिड मिळत नाही.

१. हा सिड बॅरेट कोण? पिंक फ्लॉइड मी फक्त टी-शर्टवर पाहिलंय.

रॉजर कीथ बॅरेट. जन्म ६ जानेवारी १९४६, केंब्रिज. पिंक फ्लॉइडचा पहिला गायक आणि गिटारवादक. बँडचं नाव त्यानेच पिंक अँडरसन आणि फ्लॉइड काउन्सिल या दोन अमेरिकी ब्लूज गायकांच्या नावांवरून जुळवलं. १९६७ च्या पहिल्या अल्बममधली बहुतेक गाणीही त्याचीच. पुढे त्याचं मंचावरचं वागणं बेभरवशाचं झालं आणि १९६८ च्या जानेवारीत एका कार्यक्रमाला जाताना बाकीचे त्याला घरून घ्यायला गेलेच नाहीत. त्याच्या जागी आलेला डेव्हिड गिल्मर पुढे सिडच्या 'द मॅडकॅप लाफ्स' या पहिल्या सोलो अल्बमच्या निर्मात्यांपैकी एक झाला. सिडने १९७० मध्ये दोन सोलो अल्बम काढले. नंतर संगीत सोडलं, केंब्रिजला परतला, चित्रं काढली, बाग केली. ७ जुलै २००६ ला गेला.

२. अल्बममध्ये आहे काय? नुसत्या गिटारवर गाणी आहेत का?

तेरा गाणी आहेत. पहिल्या बाजूला सहा, दुसऱ्या बाजूला सात, आणि सगळं मिळून चाळीस मिनिटांच्या आत. जानेवारी १९७० मध्ये हार्वेस्ट या लेबलवर निघाला आणि ब्रिटनच्या यादीत ४० व्या क्रमांकापर्यंत गेला. रेकॉर्डिंग लंडनच्या अ‍ॅबी रोड स्टुडिओत झालं. काम मे १९६८ मध्ये सुरू झालं, मध्ये बंद पडलं, आणि १९६९ मध्ये तुकड्यातुकड्यांनी पूर्ण झालं. या काळात निर्माते बदलत गेले: आधी पीटर जेनर, मग हार्वेस्टचा प्रमुख माल्कम जोन्स, शेवटी गिल्मर आणि रॉजर वॉटर्स, तेही पिंक फ्लॉइडच्या स्वतःच्या अल्बमच्या धांदलीतून वेळ काढून.

म्हणून अल्बम एकसारखा वाजत नाही. काही गाण्यांत अख्खा बँड आहे, तर काहींत फक्त सिड, गिटार आणि खोलीतली शांतता. 'गोल्डन हेअर'चे शब्द जेम्स जॉइसच्या १९०७ च्या कवितासंग्रहातले आहेत, चाल सिडची. पहिल्यांदा ऐकणाऱ्याला मी हेच गाणं आधी लावून देतो.

३. माझ्याकडची ओरिजिनल आहे की रीइश्यू, कसं ओळखू? विकणारा म्हणतो 'जुनी आहे, घरातलीच आहे'.

आधी कव्हर उलटं करून पाहा. बारकोड असेल तर चर्चा संपली, ती रीइश्यू, म्हणजे नंतर पुन्हा छापलेली. १९७० मध्ये रेकॉर्डवर बारकोड नसायचा.

बारकोड नसेल तर मधला गोल कागद बघा. पहिल्या ब्रिटिश आवृत्तीचा क्रमांक एसएचव्हीएल ७६५, कव्हर पुस्तकासारखं उघडणारं. हार्वेस्टच्या अगदी सुरुवातीच्या लेबलवर तिच्या मालक कंपनीचा, ईएमआयचा, चौकोनी शिक्का नसतो, आणि कडेच्या बारीक अक्षरांत 'द ग्रामोफोन कंपनी लिमिटेड' असं नाव असतं. हे नाव ओळखीचं वाटेल. आपल्याकडे घरोघरी असलेल्या कुत्र्याच्या छापाच्या एचएमव्ही रेकॉर्ड याच घराण्याच्या भारतीय शाखेने काढल्या. ईएमआयची शकलं झाल्यावर २०१३ मध्ये तिचा पार्लोफोन हा भाग वॉर्नर कंपनीकडे गेला, त्यामुळे कव्हरमागे ही नावं दिसली तर ती आवृत्ती त्यानंतरचीच.

कव्हरचा फोटो धूसर, अक्षरांच्या कडा फुटलेल्या आणि कंपनीचं नावच नाही, असं असेल तर ती ओरिजिनलही नाही आणि रीइश्यूही नाही. कुणीतरी चोरून छापलेली आहे. पैसे देऊ नका.

४. सीडीवर जास्त गाणी आहेत म्हणे. एलपीवर कापली का?

कापली नाहीत. मूळ अल्बम तेरा गाण्यांचाच. १९९३ च्या सीडीत शेवटी सहा जादा टेक जोडले होते, म्हणजे याच गाण्यांची राहून गेलेली रूपं. ती ऐकायला गंमत येते, पण 'लेट नाइट' संपल्यावर सुई उचलायची असते, तिथेच कुणी पुन्हा 'ऑक्टोपस' गायला लागला की मूड जातो. माझ्या मते एलपीचा शेवट बरोबर आहे.

५. दादा, बाहेरून मागवली तर कस्टम लागतं का? भाचा अमेरिकेत आहे, त्याने 'गिफ्ट' लिहून पाठवली तर?

लागतं. आणि ते नुसत्या रेकॉर्डच्या किमतीवर नाही, पाठवणावळ आणि विमा धरून होणाऱ्या रकमेवर. त्यावर कुरिअर कंपनीचा हाताळणी खर्च वेगळा. दर बदलत असतात, म्हणून आकडा देत नाही. पण स्वस्त दिसणारी परदेशी रेकॉर्ड दारात येईपर्यंत भारतीय विक्रेत्याच्या भावाला जाऊन भिडते, कधी ओलांडूनही जाते.

'गिफ्ट'ची पळवाट डिसेंबर २०१९ मध्ये बंद झाली. पोस्टाने-कुरिअरने भेट म्हणून ड्यूटीशिवाय सोडवून घेण्याची सवलत काढली, अपवाद ठेवला तो जीवरक्षक औषधांचा आणि राखीचा. सिड बॅरेट दोन्हींत बसत नाही. भाचा स्वतः येणार असेल तर त्याच्या हातातल्या बॅगेत आणायला सांगा. चेक-इनच्या सुटकेसमध्ये नको, कव्हरचे कोपरे दबतात.

६. आजोबांचा चावीचा ग्रामोफोन चालू स्थितीत आहे. त्यावर लावू का?

नाही. कृपा करून नाही.

तो ७८ फेऱ्यांचा, ही ३३ १/३ फेऱ्यांची. पण खरा धोका वेगाचा नाही, वजनाचा. त्या ग्रामोफोनची लोखंडी सुई आणि साउंडबॉक्स मिळून शंभर ग्रॅमच्या वर भार टाकतात. आजच्या बऱ्या कार्ट्रिजचा, म्हणजे सुई बसवलेल्या भागाचा, भार दीड-दोन ग्रॅम असतो. एलपीची खाच जुन्या रेकॉर्डच्या मानाने फारच बारीक. एकदा जरी वाजवली तरी खाच नांगरून निघेल. आजोबांच्या ग्रामोफोनवर आजोबांच्याच रेकॉर्ड लावा. त्या लाखेच्या असतात, त्यांची निगा वेगळी (प्रश्न १२).

७. अमेरिकेतून आणलेलं जुनं टर्नटेबल आहे, ट्रान्सफॉर्मर लावून चालवतो. सिड फारच संथ गातो, हे बरोबर आहे का?

इतका संथ नाही. हा प्रश्न पहिल्यांदा आला तेव्हा मजा वाटली होती, कारण दुसरा कुठलाही गायक असता तर ऐकणाऱ्याला लगेच कळलं असतं.

ट्रान्सफॉर्मर २३० व्होल्टचे ११० करतो, फ्रिक्वेन्सी बदलत नाही. अमेरिकेत वीज ६० हर्ट्झची, आपल्याकडे ५० ची. जुन्या एसी सिंक्रोनस मोटारी फ्रिक्वेन्सीवर फिरतात, त्यामुळे ३३ १/३ च्या जागी फेऱ्या पडतात साधारण २७.८. गाणं एक पंचमांश लांबतं आणि पट्टी तीन अर्धस्वरांहून जरा जास्तच खाली उतरते. 'टेरापिन' पाच मिनिटांचं आहे. घड्याळ लावून बघा. सहा मिनिटं झाली तर दोष मोटारीचा. काही मॉडेलना ५० हर्ट्झची वेगळी पुली मिळते, ती बसवली की काम झालं. डीसी मोटार किंवा अ‍ॅडॉप्टरवर चालणाऱ्या टर्नटेबलला हा त्रास नसतो.

८. आवाज अगदी बारीक आणि पातळ येतो. व्हॉल्यूम पूर्ण केला तरी ढोल लागत नाही.

टर्नटेबल थेट ऑक्समध्ये, म्हणजे अ‍ॅम्प्लिफायरच्या साध्या इनपुटमध्ये, खोचलंय. अ‍ॅम्प्लिफायरच्या मागे 'फोनो' लिहिलेलं असेल तिथे लावा. नसेल तर मधे फोनो प्रीअ‍ॅम्प घ्या. रेकॉर्ड कोरताना खर्ज मुद्दाम कमी आणि वरचे सूर जास्त ठेवतात, वाजवताना ते उलट करावं लागतं. ते काम हा डबा करतो. नव्या बऱ्याच टर्नटेबलांत तो आतच असतो, मागे एक बारीक स्विच दिसेल. आतला आणि बाहेरचा दोन्ही एकदम चालू ठेवू नका, आवाज घुमतो आणि फाटतो.

९. दुसऱ्या बाजूला गाणं मधीच थांबायलंय, गडी काहीतरी बोलायलाय आन् परत पहिल्यापून सुरू करायलाय. रेकॉर्ड खराब हाय का?

रेकॉर्ड ठणठणीत आहे. हे गाणं 'इफ इट्स इन यू'. सिड सुरू करतो, वरच्या सुरावर आवाज फाटतो, थांबतो, समोरच्यांशी दोन शब्द बोलतो, पुन्हा उचलतो. त्याआधीच्या 'शी टुक अ लाँग कोल्ड लुक'मध्ये कानाला लावून ऐकलंत तर वहीची पानं उलटल्याचा आवाजही येतो. तो गाताना शब्द वाचतोय.

हे सगळं चुकून राहिलेलं नाही. गिल्मर आणि वॉटर्स यांनी ते ठेवायचं ठरवलं. आधीचा निर्माता माल्कम जोन्सला ते अजिबात रुचलं नाही आणि त्याने पुढे तसं लिहूनही ठेवलं: सिडची झाकली मूठ उघडी करण्याची गरज नव्हती, असा त्याचा सूर. श्रोत्यांतही यावरून आजवर दोन तट आहेत. आमच्याकडच्या बैठकीत ही बाजू लागली की एकजण हमखास उठून चहा टाकायला जातो.

माझं मत विचाराल तर ही दोन आणि त्यांच्या मधलं 'फील' अशा तीन गाण्यांचा सलग तुकडा ऐकायला अवघड जातो, पण तो काढला तर अल्बम खोटा गुळगुळीत झाला असता. त्याच टेपवर गायला बसलेला माणूस आणि त्याला सांभाळून घेणारे मित्र, दोघंही ऐकू येतात. 'फील'मध्ये एक ओळ संपते आणि पुढची यायला जो वेळ लागतो, त्यात गिटारची तारही थबकते. असा थांबा ठरवून कुणाला घेता येत नाही. मित्रांनी तो चारचौघांत मांडायला हवा होता का, हा प्रश्न मात्र उरतोच.

१०. ड्रम गायकाच्या मागे पळतोय असं वाटतं. हे पण मुद्दाम?

मुद्दाम नाही, नाइलाज. नेहमी वाद्यांचा साचा आधी बसतो आणि गायक त्यावर गातो. इथे बऱ्याच गाण्यांत उलटं झालं: सिडने गिटार आणि आवाज आधी टेपवर टाकला आणि बाकीच्यांनी नंतर त्यावर वाजवलं. 'नो गुड ट्राइंग' आणि 'लव्ह यू'वर सॉफ्ट मशीन बँडचे ड्रमर रॉबर्ट वायट, ह्यू हॉपर आणि माइक रॅटलेज आहेत. वायट सांगायचा की, हे कुठल्या पट्टीत आहे असं सिडला विचारलं तर उत्तर यायचं, 'हो'.

सिडच्या ओळी मोजून चार मात्रांच्या नसतात. शब्द लांबला की ओळ लांबते. कीर्तनात बुवा एखादं चरण मनाला येईल तेवढं ओढतात आणि मृदंगवाला त्यांच्या तोंडाकडे बघत थांबतो, तसं. फरक एवढाच की इथे मृदंगवाल्यापुढे बुवा नव्हते, फक्त टेप होती. हे कळल्यावर 'नो गुड ट्राइंग' पुन्हा ऐका, वायटच्या हाताला दाद द्याल.

११. मग खरोखर खराब रेकॉर्ड ओळखायची तरी कशी?

वेळ मोजा. ३३ १/३ फेऱ्यांच्या रेकॉर्डची एक फेरी १.८ सेकंदांत होते. टक, टक, टक असा आवाज बरोबर तेवढ्या अंतराने आला तर तो ओरखडा किंवा छपाईचा दोष. सूर तेवढ्याच अंतराने वर-खाली डोलला तर एक तर रेकॉर्ड वाकली आहे किंवा मधलं भोक मध्यावर नाही. सुई बाजूने बघा: वर-खाली होत असेल तर वाक, आत-बाहेर झुलत असेल तर भोक. एकाच स्पीकरमधून काही सेकंद कागद फाटल्यासारखी खरखर आली तर साच्यात प्लास्टिक नीट भरलेलं नाही. धुऊन ते जात नाही, सरळ परत करा.

खोकला, पानं, बोलणं, सूर सुटणं, आवाज चिरकणं याला १.८ सेकंदांचं गणित लागू होत नाही. तो सिड. शंका असेल तर तेच गाणं मोबाइलवर लावा. तिथेही तेच ऐकू आलं तर विक्रेत्याशी भांडू नका.

परतीसाठी पार्सल उघडतानाचा व्हिडिओ काढून ठेवा आणि पहिल्या दिवशीच दोन्ही बाजू वाजवा. महिन्याने तक्रार केली की कुणी दाद देत नाही.

१२. बोअरच्या पाण्याने धुतली तर चालेल का? वाळल्यावर पांढरे डाग पडलेत.

चालत नाही, डागांनीच सांगितलं. आपल्याकडच्या बोअरच्या पाण्यात क्षार किती असतात ते गिझरचा रॉड बघून कळतं. तोच थर खाचेत बसतो आणि सुई तो वाजवते. टँकरच्या पाण्याचंही तेच.

बॅटरीच्या दुकानात डिस्टिल्ड वॉटर मिळतं. मागताना 'पाणी' म्हणूनच मागा आणि बाटलीवरचं वाचून घ्या, तिथेच शेजारी अ‍ॅसिडही असतं. मऊ मायक्रोफायबर कापड, खाचांच्या दिशेने गोल गोल हात, मधला कागद कोरडा. मग उभी ठेवून सावलीत वाळवा. पडलेले डागही असंच दोन-तीनदा पुसून बरेच निघतात. पाण्यात थोडं आयसोप्रोपिल अल्कोहोल घालणारे घालतात, एलपीला ते चालतं. आजोबांच्या ७८ फेऱ्यांच्या रेकॉर्डला मात्र अल्कोहोलचा थेंबही नको, लाख त्यात विरघळते.

१३. मे महिन्यात पत्र्याच्या खोलीत ठेवली तर वाकेल का?

हो. परभणीत पारा ४४ ला जातो तेव्हा पत्र्याखालची खोली, स्लॅबलगतचा माळा आणि उन्हात उभी केलेली बंद कार त्याहून कितीतरी तापतात. व्हिनाइल वितळायची गरज नसते. नुसतं मऊ झालं आणि वर वजन असलं की आकार सोडतं. म्हणून आडव्या थप्प्या लावू नका. उभ्या ठेवा, फार सैल नको, फार घट्ट नको, खालच्या मजल्यावर, आतल्या भिंतीला.

कूलरच्या तोंडासमोरही नको. त्या दमट हवेने कव्हरचे कागद फुगतात आणि आत बुरशीचे ठिपके पडतात. उलट फेब्रुवारी-मार्चच्या कोरड्या हवेत स्थिर विजेने धूळ चिकटते आणि चटचट आवाज येतो. तेव्हा कार्बन फायबरचा ब्रश वाजवण्याआधी एकदा फिरवला की पुरे. उन्हाळ्यात पार्सल आलं तर तासभर तसंच घरात राहू द्या, मग उघडा.

वाकलेली रेकॉर्ड उन्हात ठेवून काचेखाली सरळ करायचा उपाय फिरतो आहे. करू नका.

१४. १८० ग्रॅमची म्हणजे आवाज चांगला ना?

नाही. जाड असते, हातात भारी वाटते, थोडी कमी वाकते. आवाज ठरतो तो कुठल्या टेपवरून आणि कुणी कोरली त्यावर. 'मूळ टेपवरून' असं स्पष्ट लिहिलेलं नसेल तर तसं धरून चालू नका.

१५. कव्हरच्या फोटोबद्दल विचारायचं होतं. दिवाणखान्यात ठेवण्यासारखं आहे का? घरात आई-वडील आहेत.

पुढची बाजू बिनधास्त ठेवा: रिकामी खोली, फुलदाणी, उकिडवा बसलेला सिड आणि नारिंगी-जांभळ्या पट्ट्यांची फरशी. लंडनच्या अर्ल्स कोर्टमधल्या त्याच्या राहत्या घराच्या लाकडी फळ्या त्याने स्वतः रंगवल्या होत्या. फोटो मिक रॉक आणि स्टॉर्म थॉर्गरसन यांचे, मांडणी हिप्नोसिस या कव्हर डिझाइन करणाऱ्या मंडळींची. मागच्या बाजूला त्याच खोलीत एक विवस्त्र तरुणी आहे. भिंतीवर लावणार असाल तर पुढची बाजू बाहेर येईल एवढं बघा.

१६. गुंतवणूक म्हणून दोन घेऊन ठेवू का?

नको. ओरिजिनलला भाव आहे, रीइश्यू पुन्हा छापता येते. एक घ्या आणि वाजवा.

१७. आधी ही घ्यावी की दुसरी, 'बॅरेट'?

'बॅरेट' नोव्हेंबर १९७० ची. ती जास्त नीटनेटकी आहे, बँड जागेवर आहे. ज्याला प्रश्न ९ मधलं सहन होणार नाही त्याने तिथून सुरुवात करावी. माझी पसंती 'मॅडकॅप'लाच, 'डार्क ग्लोब'साठी. दोन मिनिटांचं गाणं, एक माणूस, आणि आवाज जिथपर्यंत जात नाही तिथपर्यंत ओढलेला.

१८. तो वेडा होता का? नावातच 'मॅडकॅप' आहे.

'मॅडकॅप' हा शब्द 'ऑक्टोपस'च्या ओळीतून आलाय, त्याच्या तब्येतीवरून नाही. एलएसडी हे नशेचं द्रव्य त्याने भरपूर घेतलं आणि त्या काळात त्याची अवस्था ढासळली, हे सोबत्यांनी सांगितलंय. पण दुरून रोगाचं नाव चिकटवण्यात अर्थ नाही. ५ जून १९७५ ला पिंक फ्लॉइड त्याच्यावरच्याच गाण्याचं काम करत असताना तो अ‍ॅबी रोडला अचानक आला. अंग सुटलेलं, भुवयांसकट सगळं भादरलेलं. जुन्या सोबत्यांनीही आधी ओळखलं नाही. हा किस्सा मीठमसाला लावून सांगितला जातो. त्या माणसाने पुढची तीसेक वर्षं प्रसिद्धीपासून दूर काढली, तेवढं लक्षात ठेवून सांगावा.

१९. कॅफेत लावू शकतो का? आणि मित्राला कॉपी करून देऊ का?

रेकॉर्ड विकत घेतली म्हणजे सार्वजनिक ठिकाणी वाजवायचा हक्क मिळत नाही, त्याला वेगळा परवाना लागतो. भारतीय कायद्यात ध्वनिमुद्रणाचा हक्क प्रकाशनानंतरच्या वर्षापासून ६० वर्षं चालतो, म्हणजे १९७० च्या या अल्बमचा २०३० संपेपर्यंत. शब्द आणि चाल यांचा हक्क वेगळा, तो त्याहून खूप पुढे जातो. स्वतःच्या ऐकण्यासाठी मोबाइलवर उतरवून घ्यायला कुणी हरकत घेत नाही. वाटायला लागलात की विषय बदलतो.

लातूरहून एकाने विचारलं, लग्नात? तिथे कायद्यानेच सूट दिली आहे: कॉपीराइट कायद्याच्या कलम ५२ मध्ये धार्मिक समारंभात लग्नाची वरात आणि लग्नाशी जोडलेले समारंभ धरलेले आहेत. 'डार्क ग्लोब'वर कोण नाचणार, ते वरातीतल्या लोकांना विचारा.